भार न लावता घेतलेले माप

तिसऱ्यांदा मोजले तरी आकडा तोच आला. मीटर बंद केला, गाणी ऐकायचे दोन्ही प्लेयर टेबलाच्या कडेला सारले आणि हा कागद पुढे ओढला. दुपारचे सव्वातीन वाजले आहेत. विजयाताई आणि तात्याराव पाच वाजता साक्षीदार म्हणून सह्या करायला येणार आहेत. तोपर्यंत लिहून झाले पाहिजे.

मी, कौसल्या दादाराव तायडे, वय एकाहत्तर, सरकारी स्टुडिओतून निवृत्त झालेली ध्वनी-अभियंता, राहणार मयूर विहार फेज एक, दिल्ली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून नाही, कोणाला घाबरून नाही. बुद्धी शाबूत आहे. कानांचे आकडे देते: डावा सेकंदाला सात हजार कंपनांपर्यंत ऐकतो, उजवा सहा हजारांपर्यंत. या वयाला हे चांगले आहे असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी आलेख मागून घेतला आणि तपासला. बरोबर होता.

मागच्या रविवारी लिहिलेला मसुदा मी फाडला आहे. का, ते कलम सहामध्ये येईल.

कलम १. घर. सोसायटीतील तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट माझी मुलगी नीलम आणि मुलगा प्रफुल्ल यांना निम्मा-निम्मा. हप्ते मी आणि माझे दिवंगत पती दादाराव, दोघांनी फेडले. कागदावर नाव माझे एकटीचे आहे, ते दादारावांच्या आग्रहाने. "तुझ्या नावावर काहीतरी असं असू दे की जे कोणाला स्वतःच्या नावावर करता येणार नाही," असे ते म्हणाले होते. आतल्या खोलीच्या चारही भिंतींना गोधड्या ठोकल्या आहेत. त्या सासूबाईंनी अकोल्याला शिवलेल्या आहेत. त्यांच्यामुळे या खोलीत आवाज घुमत नाही. खोली भाड्याने दिली तर गोधड्या काढाव्या लागतील. तेव्हा दोघांनी मिळून काढाव्यात, एकट्याने नाही.

कलम २. बचत. बँकेत नामनिर्देशन केलेले आहे. रकमा येथे लिहीत नाही. सोन्याची साखळी नीलमला. पुस्तके आर. के. पुरममधील बुद्धविहाराच्या वाचनालयाला, तेथे आम्ही एकवीस वर्षे क्वार्टरमध्ये राहिलो. पुस्तकांवरचे माझे शेरे खोडू नयेत.

कलम ३. हत्यारे. सोल्डरिंग आयर्न, पक्कड, चिमटे, दोन्ही मीटर आणि स्क्रूची बरणी नीलमला. ती मंत्रालयात फायली हलवते. पण तिच्या इमारतीत मिक्सर बिघडला की लोक तिच्याकडेच येतात. मागच्या महिन्यात मला म्हणाली, "आई, अंडर सेक्रेटरी साहेबांची इस्त्री दुरुस्त केली यार, आता प्रमोशन द्यायलाच पाहिजे." दिलेले नाही. तिला ही हत्यारे द्यायला मला अभिमान वाटतो.

कलम ४. श्री. अंबादास खोडके, माझे तेव्हाचे वरिष्ठ, यांना माझ्या मालमत्तेतून काही नाही. १९८६ साली दोन नंबरच्या स्टुडिओत प्रत्येक ध्वनिमुद्रणात एक बारीक गुणगुण येत होती. पुरुष अभियंत्यांनी तीन महिने शोधले. मी चार दिवस जमिनीवर पालथी पडून प्रत्येक तार हाताने मागे मागे नेली आणि ती गुणगुण सापडली. पाण्याच्या कूलरची तार माइकच्या तारेला खेटून गेली होती. अहवाल मी लिहिला. वर गेला तेव्हा खाली नाव अंबादासरावांचे होते. मी विचारले तेव्हा म्हणाले, "बाई, काम झालं ना? मग नावाचं काय घेऊन बसलात?" त्यांना मी क्षमा केलेली नाही. हे पत्र क्षमेसाठी नाही.

कलम ५. श्री. तात्याराव देवस्थळी, शेजारी, यांना काही द्यायचे मनात होते. पण ते साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही देऊ नये, नंतर वाद होतात, असा वकिलांचा सल्ला आहे. त्यांच्याकडे दोन लाखांचा प्लेयर आहे. त्यावर त्यांचे आवडते गाणे लावले की गायिका कोठे उभी आहे, तबलजी तिच्या किती हात मागे बसला आहे, हे त्यांना दिसते असे ते सांगतात. ते ध्वनिमुद्रण मी केलेले आहे. तबलजी वेगळ्या खोलीत होता.

कलम ६. दोन प्लेयर. हे कलम लांब होणार आहे.

पहिला प्लेयर लजपतराय मार्केटातून दोन हजार सहाशेला घेतलेला. प्लास्टिकचा, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. दुसरा तांब्याच्या अंगाचा, किंमत तीन लाख चाळीस हजार. तो प्रफुल्लच्या दुकानातला, गिऱ्हाइकांना ऐकवण्यासाठी ठेवलेला नमुना. नोएडात सेक्टर अठरामध्ये प्रफुल्लचे असे महागडे प्लेयर आणि हेडफोन विकण्याचे दुकान होते. त्याने ते नोकरी सोडून काढले होते.

महागडा प्लेयर जास्त चांगला ऐकू येतो का, या प्रश्नावर मी चाळीस वर्षे एकच उत्तर देत आले. ठरावीक दर्जा गाठला की कानाला फरक कळत नाही. कळतो असे वाटत असेल तर डोळे झाका आणि पुन्हा सांगा. दादारावांना हेही जास्तीचे वाटे. त्यांच्या गावी एकच रेडिओ होता, त्याचा भोंगा फाटलेला. "त्यावर ऐकलेली भाषणं मला अजून पाठ आहेत," ते म्हणत. "तुझ्या स्टुडिओतलं एक तरी पाठ आहे का?" नव्हते.

प्रफुल्ल म्हणायचा, "आई, तू मोजतेस ते खरं आहे. पण लोक मोजायला येत नाहीत, ऐकायला येतात."

मी म्हटले, मग ऐकवू या.

११ डिसेंबर २०२२, रविवार. दुकानात आठ गिऱ्हाइके होती. मी बिस्किटाच्या डब्यात बसवलेली बटणाची पेटी घेऊन गेले. दोन्ही प्लेयर पेटीला जोडलेले, वर फडके. बटण अ कडे केले की तांब्याचा वाजतो, ब कडे केले की प्लास्टिकचा. हेडफोन तोच, गाणे तेच. ऐकणाऱ्याने महागडा कोणता ते सांगायचे. आठ माणसे, प्रत्येकी दोन फेऱ्या, एकूण सोळा.

सोळापैकी तेरा वेळा लोकांनी प्लास्टिकच्या प्लेयरला महागडा म्हटले.

एक गृहस्थ म्हणाले, "आंटी, ये वाला पक्का महँगा है, इसमें जान है." मी फडके उचलले. सगळे हसले. एकाने ते मोबाईलवर टिपले आणि खाली लिहिले, "आंटी ने पोल खोल दी." तो व्हिडिओ नोएडाभर फिरला. मी स्वतः तो बेचाळीस लोकांना पाठवला. मी सर्वांना सांगत सुटले की महागडा चांगला नाही एवढेच नव्हे, स्वस्त जास्त चांगला आहे.

आता जे लिहायचे आहे ते लिहिते.

फेऱ्या सुरू होण्याआधी प्रफुल्लने एकदा हेडफोन लावला होता. बटण दोनदा इकडे-तिकडे केले आणि हळू आवाजात मला म्हणाला, "आई, ब वाला जरा मोठा लागतोय."

ध्वनीचे काम करणाऱ्याला हे सांगावे लागत नाही, इतरांसाठी सांगते. दोन आवाजांची तुलना करताना ते अगदी सारखे मोठे असले पाहिजेत. एक किंचित मोठा असला तर तो मोठा आहे हे कळत नाही, तो चांगला आहे असे वाटते. म्हणून आधी मीटरने दोन्ही सारखे करतात. ते मी केले होते, तांब्याचा प्लेयर दुकानातून आणून, घरी, आदल्या दिवशी. दोन्ही तीनशे मिलिव्होल्ट.

मी म्हटले, "कान धुऊन ये, बाळा. मीटरला जास्त कळतं की तुला?"

मी हळू बोलले नाही. आठही जणांनी ऐकले. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. 

पुढच्या वर्षी दुकान बंद झाले. ते त्या व्हिडिओमुळेच झाले असे मी म्हणत नाही, सेक्टर अठरात त्या वर्षी अनेक दुकाने बंद झाली. सामान आवरताना तांब्याचा प्लेयर आणि तो हेडफोन तो माझ्याकडे घेऊन आला. म्हणाला, "ठेव तुझ्याकडे. तुझ्याकडे आला की आपोआप स्वस्त होतो." मी ते विनोद म्हणून घेतले. प्लेयर कपाटात ठेवला.

दुकानातल्या त्या चाचणीआधी तो दर रविवारी यायचा. आतल्या खोलीत आम्ही दोघे बसायचो, जुनी ध्वनिमुद्रणे लावायचो आणि एकमेकांच्या चुका काढायचो. हे तो आठ वर्षांचा असल्यापासूनचे. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये मी घरी बनवलेल्या यंत्रावर दोन सूर वाजवायची आणि मोठा कोणता ते विचारायची. नीलम दोन मिनिटांत कंटाळायची. प्रफुल्ल स्वतःहून मागायचा. "अजून जवळचे दे," म्हणायचा. जवळचे म्हणजे ज्यांच्यात फरक कमी आहे ते.

आता तो चौदा एप्रिलला येतो, बुद्धपौर्णिमेला येतो, मिठाई आणतो, बाहेरच्या खोलीत बसतो. माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. माझ्यासमोर तो काही ऐकत नाही. रेडिओ चालू असला तर बोलता बोलता उठून बंद करतो. मी कारण विचारले नाही. मला वाटत होते की तो हरला आहे आणि हरलेल्या माणसाला वेळ द्यावा.

मागच्या रविवारच्या मसुद्यात मी लिहिले होते: जिंकलेला प्लेयर नीलमला, हरलेला प्रफुल्लला, सोबत परिशिष्ट म्हणून मोजमापाचे आकडे. आकडे जुन्या वहीतून उतरवता आले असते. पण न तपासलेल्या आकड्याखाली मी आयुष्यात सही केलेली नाही. मंगळवारी दोन्ही प्लेयर काढले, बटणे २०२२ च्या खुणांवर लावली आणि मीटर जोडला. दोन्ही तीनशे. मग हेडफोन जोडला. प्लास्टिकचा तीनशेवर राहिला. तांब्याचा दोनशे ऐंशीवर आला.

म्हणजे शून्य पूर्णांक सहा डेसिबल.

मी घरी माप घेतले तेव्हा हेडफोन दुकानात होता. मी भार न लावता, म्हणजे हेडफोन न जोडता मोजले होते. काही प्लेयर हेडफोन जोडला की थोडे खाली बसतात, काही बसत नाहीत. हे मी हाताखालच्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी शिकवले आहे. रिकाम्या पारड्याला सगळेच काटे बरोबर असतात, असे सांगायची. पस्तीस वर्षे सांगितले.

त्या दिवशी लोकांनी स्वस्त प्लेयर निवडला नाही. त्यांनी मोठा आवाज निवडला.

गुरुवारी विजयाताई आणि तात्यारावांना बोलावले. कारण सांगितले नाही. या वेळी भार लावून दोन्ही सारखे केले. प्रत्येकाच्या सोळा फेऱ्या घेतल्या. तात्यारावांनी सात वेळा बरोबर ओळखले, विजयाताईंनी नऊ वेळा. नाणे उडवले असते तरी एवढेच आले असते. आज पुन्हा माप घेतले, तेव्हाही बदल नाही.

तेव्हा दोन्ही गोष्टी लिहून ठेवते. महागडा चांगला नाही, हे माझे म्हणणे खरे आहे आणि मी ते मागे घेत नाही. स्वस्त चांगला आहे, हे माझे म्हणणे खोटे आहे आणि मी ते मागे घेते.

दोन्ही प्लेयर प्रफुल्लला.

कलम ७. दुरुस्ती. शून्य पूर्णांक सहा डेसिबल साधारण माणसाला फरक म्हणून ऐकू येत नाही. भरल्या दुकानात, रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये तर नाहीच. आठ गिऱ्हाइकांपैकी एकालाही आला नाही. तीस वर्षांहून जास्त नोकरी केलेल्या मला आला नाही. प्रफुल्लने बटण दोनदा फिरवले आणि सांगितले. मीटर चुकीच्या जागी लागला होता आणि माझ्या मुलाचा कान बरोबर होता. असा कान मी माझ्या सगळ्या नोकरीत दोन माणसांचा पाहिला. त्या दोघांत मी नाही.

तो आता सेक्टर सोळामधील एका कंपनीत आवाज तपासतो. त्याने हो म्हटल्याशिवाय तेथून एकही कार्यक्रम बाहेर जात नाही, असे नीलमने सांगितले. त्याने स्वतः सांगितले नाही. ते ऐकून मी नीलमला चार वेळा तेच विचारले, आणि चारही वेळा तिने सांगितले.

कलम चार मी कडक लिहिले आहे. ते तसेच राहील. कलम सात त्याच शाईने लिहिले आहे.

माझ्या मागे शोकसभा होईल तेव्हा नीलमने कलम सहा आणि सात सर्वांसमोर मोठ्याने वाचावे. त्या आठ गिऱ्हाइकांपैकी जे सापडतील त्यांना बोलवावे. ज्या बेचाळीस लोकांना मी व्हिडिओ पाठवला त्यांची यादी वहीत आहे. प्रत्येकाला प्रत पाठवावी.

पाच वाजले. साक्षीदार आले. त्यांना सहा आणि सात वाचून दाखवले. पुढचे बोलणे लिहून ठेवते, कारण त्यामुळे वरच्या परिच्छेदात बदल झाला.

विजयाताई म्हणाल्या, "म्हणजे तू गेल्यावर नीलम हे वाचणार?"

"हो."

"आणि मग प्रफुल्ल कोणाकडे बघणार गं? तुझ्या फोटोकडे? हार घातलेल्या?"

मी म्हटले की लेखी कबुली तोंडी कबुलीपेक्षा जास्त टिकते.

तात्याराव म्हणाले, "अहो कौसल्याबाई, चूक कबूल करतात ती तोंडाने. हे तुम्ही पोस्टाने पाठवताय, आणि तेही स्वतः गाव सोडल्यावर."

"तुम्ही आधी तुमचा दोन लाखांचा डबा विका, मग मला शिकवा."

"बिल्कुल विकणार नाही. गुरुवारी सात वेळा बरोबर ओळखलंय मी."

"सोळापैकी."

"सात म्हणजे सात."

विजयाताई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी पेन उघडले, पण सही केली नाही. "हे बघ," त्या म्हणाल्या, "त्या पोराला तू आठ माणसांसमोर गप्प केलंस. तुला वाटतं तो हरला म्हणून रुसलाय. तो हरला नव्हता हे तुला मंगळवारी कळलं. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तीन वर्षं तो तुझ्यासमोर बरोबर असून गप्प बसलाय. आणि तू त्याला अजून किती वर्षं थांबायला सांगतेस? तुझी तब्येत तर ठणठणीत आहे."

मी कागद परत माझ्याकडे ओढला. 

बदल: शोकसभेत वाचावे, हे वाक्य कायम. त्याच्या आधी असे जोडते: हे मी स्वतः प्रफुल्लला सांगेन. सांगायच्या आत मी गेले, तरच त्याला हे पहिल्यांदा नीलमच्या तोंडून कळावे. बेचाळीस जणांना प्रत मीच पाठवीन, उद्यापासून.

कलम ८. व्यवस्था. या पत्राची अंमलबजावणी नीलमने करावी. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा. वंदनेसाठी लाऊडस्पीकर लावला तर तो मोजून लावावा. मागच्या वर्षी सोसायटीतील कार्यक्रमात इतका मोठा होता की शब्द फुटत होते. माझ्या वेळी असे होऊ देऊ नये. प्रफुल्लने तो लावावा. मीटर लागणार नाही.

वरील मजकूर मी लिहिला, मी वाचला, आणि खाडाखोड जेथे आहे तेथे आद्याक्षरे घातली आहेत. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना.

कौसल्या दादाराव तायडे
(सही)

साक्षीदार पहिले: विजया माधव सोहनी, निवृत्त मुख्याध्यापिका, मयूर विहार (सही)

साक्षीदार दुसरे: तात्याराव गजानन देवस्थळी, निवृत्त, मयूर विहार (सही. कलम पाचमधील तबलजीविषयीच्या मजकुराशी मी सहमत नाही.)

स्थळ: मयूर विहार फेज एक, दिल्ली
दिनांक: ८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

नोंद. हा मृत्युपत्राचा भाग नाही.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी साडेआठला प्रफुल्लला फोन केला. कलम सहा आणि सात पूर्ण वाचून दाखवले. अकरा मिनिटे लागली. त्याने मध्ये थांबवले नाही. शेवटी म्हणाला, "अच्छा." मग विचारले, "हेडफोन न लावता मोजलं होतंस? तू?" मी हो म्हटले. तो हसला. खूप वेळ हसला, मला फोन कानापासून दूर धरावा लागला. साडेदहाला तो मेट्रोने आला. बाहेरच्या खोलीत थांबला नाही, सरळ आतल्या खोलीत गेला. जेवायला तीन वाजले.

कौ. दा. तायडे